गुबगुबीत अक्षरांचा हिशेब: बबल फॉन्ट कसा घडतो आणि कुठे शोभतो

लहान मुलांच्या पुस्तकांची मुखपृष्ठे, मोबाइलवरच्या खेळांची नावे, खाऊची वेष्टने, स्टिकर, खेळण्यांची खोकी अशा ठिकाणी एक ठरावीक वळणाचे अक्षर वारंवार दिसते. त्याला कोपरा नसतो, अणकुचीदार टोक नसते. रेघ इतकी जाड असते की अक्षराच्या पोटातली मोकळी जागा जेमतेम बिंदूएवढी उरते. आणि शेजारशेजारची अक्षरे एकमेकांना खेटून, प्रसंगी एकमेकांवर रेलून बसलेली असतात. फुग्यात हवा भरावी तसे फुगलेले हे अक्षर बबल लेटर या नावाने ओळखले जाते आणि त्या वळणाच्या फॉन्टला सर्रास बबल फॉन्ट म्हणतात. दिसायला ते इतके भाबडे असते की ते घडवणेही तितकेच सोपे असावे, असा अनेकांचा समज होतो: एखादा जाड फॉन्ट घ्यायचा, त्याचे कोपरे घासून गोल करायचे, की झाले. तसे करून पाहिले तर अक्षरे गोंडस होण्याऐवजी सुजलेली दिसतात. हा फरक नेमका कशामुळे पडतो हे समजले, तर असा फॉन्ट पारखणे आणि वापरणे, दोन्ही पुष्कळ सोपे होते.

आधी एक ढोबळ विभागणी लक्षात घ्यावी. काही फॉन्ट सलग मजकुरासाठी घडवलेले असतात. पानभर वाचन झाले तरी अक्षराकडे लक्ष जाऊ नये, ही त्यांच्याकडून अपेक्षा असते. दुसरा गट डिस्प्ले फॉन्टचा, म्हणजे मथळे, नावे, फलक यांच्यासाठी मोठ्या आकारात वापरायच्या फॉन्टचा; त्यांनी आधी डोळ्यांत भरावे आणि मग वाचले जावे, असे अभिप्रेत असते. बबल फॉन्ट हा या दुसऱ्या गटातला टोकाचा प्रकार आहे. टोके गोल केलेला प्रत्येक फॉन्ट मात्र बबल नसतो. १९७९ मध्ये फोक्सवॅगन कंपनीसाठी तयार झालेला 'व्हॅग राउंडेड' घ्या. त्याच्या रेघांची टोके अर्धवर्तुळाकार आहेत, पण रेघ सगळीकडे एकसारखी जाड आहे आणि अक्षराचा सांगाडा साध्या, सरळ वळणाचा आहे. म्हणूनच पुढे ॲपलच्या कीबोर्डवरील कळांसाठी तो बरीच वर्षे निमूटपणे काम करू शकला. बबल अक्षरात सांगाडाच विरघळलेला असतो. तिथे रेघ वेगळी आणि टोक वेगळे असे काढून दाखवता येत नाही, कारण संपूर्ण अक्षर हाच एक फुगीर आकार असतो.

हे वळण आले कुठून

गुबगुबीत छापील अक्षरांचा पूर्वज म्हणून बहुतेक जण 'कूपर ब्लॅक'कडे बोट दाखवतात. ऑझवाल्ड कूपर यांनी रेखाटलेला हा फॉन्ट शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टाइप फाउंड्रीने १९२२ मध्ये बाजारात आणला. दूरदृष्टीच्या मुद्रकांसाठी आणि जवळचेच दिसणाऱ्या त्यांच्या गिऱ्हाइकांसाठी हा फॉन्ट आहे, असे त्याच्याविषयी गमतीने म्हटले जात असे. काळाभोर, भरलेला, कडा मऊ झालेला असा तो होता आणि जाहिरातींत तो तुफान चालला; पुढच्या काळात ईझीजेट या विमान कंपनीच्या नावासाठीही तोच वापरला गेला. मात्र त्याला रेघांच्या टोकांवर बारीक पाय आहेत, जाड-बारीक फरक आहे आणि त्याची अक्षरे एकमेकांपासून अंतर राखून उभी राहतात. त्यामुळे त्याला बबल म्हणणे हे जरा ओढूनताणून नाते जोडणे होईल.

अंतर राखण्याचे कारण सौंदर्याशी जितके निगडित होते, तितकेच धातूशीही होते. खिळे जुळवून छपाई होत असे तेव्हा प्रत्येक अक्षर शिशाच्या मिश्रधातूच्या चौकोनी ठोकळ्यावर बसवलेले असे. दोन ठोकळे एकमेकांत घुसू शकत नाहीत. फार तर जुळाऱ्याने ठोकळ्याची बाजू कापून अक्षरे थोडी जवळ आणायची, आणि तेही मोठ्या मथळ्यापुरतेच. बबल अक्षराचा जीव मात्र खेटण्यात आणि एकमेकांवर चढण्यात असतो. ही मोकळीक मिळाली ती फोटोटाइपसेटिंग, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने फिल्मवर अक्षरे उमटवण्याची पद्धत, आल्यावर, आणि तिच्याच जोडीने १९६० च्या दशकात घासून उमटवायच्या अक्षरांचे लेट्रासेटचे कागद आल्यावर. आता अक्षराला ठोकळाच उरला नव्हता. पारदर्शक कागद हवा तिथे सरकवून एक अक्षर दुसऱ्याच्या अंगावर बसवता येत होते. बॉब न्यूमन यांनी लेट्रासेटसाठी केलेला 'फ्रँकफर्टर' हा फॉन्ट १९७० चा आहे आणि कोपरा म्हणून कुठे शिल्लक न ठेवणाऱ्या छापील अक्षरांचे ते ठळक उदाहरण आहे.

दुसरा प्रवाह थेट रस्त्यावरून आला. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या डब्यांवर स्प्रे पेंटने नावे रंगवणाऱ्या तरुणांमध्ये फेज टू या टोपणनावाचा एक कलावंत होता. १९७२ च्या सुमारास त्याने फुगीर, गादीदार अक्षरांचे एक वळण रूढ केले, ज्याला 'सॉफ्टी' असे नाव पडले. या वळणामागे कारागिरीचा एक सरळ तर्क दिसतो. स्प्रेच्या तोंडातून निघणारा रंगाचा फवारा गोल असतो, त्यामुळे रेघेचे टोक आपोआपच गोल उमटते आणि टोकदार कोपरा काढायला उलट जास्त हात फिरवावा लागतो. शिवाय असे काम पकडले जाण्याआधी, झटपट उरकायचे असे. एका दमात बाह्यरेषा, एका रंगाचा भराव आणि वर दुसऱ्या रंगाची कड, एवढ्यावर भागणारा आकार तिथे टिकला. पुढे 'थ्रो-अप' म्हणून ओळखल्या गेलेल्या घाईच्या अक्षरांनी हेच वळण उचलले. आज बालसाहित्यात निरागस म्हणून मिरवणाऱ्या अक्षरांचा एक पूर्वज असा बंडखोर निघावा, यात मला तरी मौज वाटते.

पोटातल्या पोकळीचे गणित

बबल फॉन्ट घडवताना रेखाटनकाराचा बहुतेक वेळ काळ्या भागापेक्षा पांढऱ्या भागावर खर्च होतो. अक्षराच्या पोटातल्या मोकळ्या जागेला आपण पोकळी म्हणू. मराठी 'ब' मधल्या गोलाच्या आत, 'म' च्या दोन दंडांच्या मध्ये किंवा इंग्रजी 'ओ' च्या आत जी जागा असते ती पोकळी. वाचक अक्षर ओळखतो ते या पोकळ्यांच्या आकारावरून आणि जागेवरून. रेघ जाड करत गेले की सर्वांत आधी बळी जातो तो तिचाच.

एक उदाहरण आकड्यांत मांडू. फॉन्ट आखताना अक्षराभोवती एक काल्पनिक चौकट धरतात आणि तिच्या उंचीचे बहुधा १००० भाग पाडतात. लहान लिपीतल्या इंग्रजी 'ई' अक्षराची उंची त्यात ५६० भाग आहे असे समजा. या अक्षरात वरपासून खालपर्यंत तीन आडव्या रेघा येतात: वरची कमान, मधली दांडी आणि खालचा वळसा. मजकुराच्या फॉन्टमध्ये रेघ सुमारे ८० भाग जाड असते, म्हणजे तिन्ही मिळून २४० भाग झाले आणि पोकळ्यांसाठी ३२० भाग राहिले; चैनच. आता रेघ २२० भागांची करा. तिन्हींची बेरीज ६६० होते आणि अक्षराची एकूण उंचीच ५६० आहे. म्हणजे रेघा सरसकट जाड करून हे अक्षर मुळात बसूच शकत नाही. मग रेखाटनकार उभ्या बाजू २२० ठेवतो, पण आडव्या रेघा १६० वर आणतो. तीन मिळून ४८०, उरले ८०, आणि दोन पोकळ्यांना प्रत्येकी ४०. एवढ्याशा पांढऱ्या फटीवर ते अक्षर 'ई' आहे की नुसता गोळा, हे ठरायचे असते.

हीच आकडेमोड पुढे नेली की बबल फॉन्ट लहान आकारात का चालत नाही याचेही उत्तर मिळते. पडद्यावर १६ पिक्सेल आकारात हे अक्षर दाखवले तर ४० भागांची फट ०.६४ पिक्सेलची होते, म्हणजे एका पिक्सेलपेक्षाही कमी. ती पांढरी दिसण्याऐवजी करडी पडते आणि शेजारच्या काळ्यात मिसळून जाते. तेच अक्षर ९६ पिक्सेलचे केले की फट जवळजवळ ४ पिक्सेलची होते आणि स्वच्छ दिसते. छापील कागदावर पिक्सेलऐवजी शाई पसरते, एवढाच फरक. बुजतात त्या पोकळ्याच.

या अडचणीतून वाट काढण्याच्या काही युक्त्या सर्व चांगल्या बबल फॉन्टमध्ये आढळतात. लहान लिपीतल्या अक्षरांची मूळ उंची वाढवतात आणि वर-खाली जाणाऱ्या दांड्या आखूड करतात, म्हणजे पोटाला जागा मिळते. काही अक्षरांची पोकळी बंद न ठेवता बाजूने चिरेसारखी उघडतात. काही ठिकाणी ती पूर्ण बुजवून तिच्या जागी केवळ एक खाच ठेवतात. या तिसऱ्या युक्तीचा सढळ वापर झालेला फॉन्ट मला स्वतःला फार रुचत नाही, कारण दोन-तीन अक्षरांच्या नावात ती खाच मजेदार दिसते, पण चार शब्दांचा मथळा आला की वाचकाला शब्द ओळखण्याऐवजी अंदाज बांधत बसावे लागते.

गोलाईतली गाठ

आता 'सुजलेले' दिसण्याच्या मुद्द्याकडे येऊ. सरळ रेघेच्या शेवटी अचूक अर्धवर्तुळ जोडले तर भूमितीच्या दृष्टीने जोड निर्दोष असतो, परंतु डोळा ते मान्य करत नाही. सरळ रेघेला वक्रता नसते आणि अर्धवर्तुळाला पहिल्या बिंदूपासून पूर्ण वक्रता असते; जोडावर ती शून्यावरून एकदम वर उडी मारते. ही उडी डोळ्याला बारीक गाठीसारखी जाणवते आणि तिच्या शेजारची सरळ बाजू आत दबल्याचा भास होतो. म्हणून कसलेला रेखाटनकार बाजू कधीच पूर्ण सरळ ठेवत नाही; ती किंचित बाहेर फुगवतो आणि वळण बरेच आधीपासून, हळूहळू सुरू करतो.

वर्तुळ आणि आयत यांच्या मधल्या अशा आकारांना गणितात सुपरएलिप्स म्हणतात. डेन्मार्कचे कवी आणि गणिती पीट हाइन यांनी १९५९ मध्ये स्टॉकहोमच्या सर्गेल्स चौकाच्या रचनेसाठी हाच आकार सुचवला होता, कारण तिथेही लांबट जागेत धक्के न बसता वळणारी वाट हवी होती. बबल फॉन्टमधला 'ओ' बारकाईने पाहिला तर तो बहुधा याच जातीचा निघतो: वर्तुळापेक्षा खांदे भरलेला, आयतापेक्षा मऊ.

संगणकात हे वक्र बेझिए रेषांनी साठवतात. रनो मोटार कंपनीतले अभियंते पिअर बेझिए यांनी १९६० च्या दशकात गाड्यांच्या पत्र्याचे आकार रेखाटण्यासाठी ही पद्धत वापरात आणली. तिच्यात वक्रावर थोडे बिंदू असतात आणि प्रत्येक बिंदूला वळणाची दिशा व ओढ ठरवणाऱ्या दोन मुठी असतात. अक्षराच्या सर्वांत वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या टोकाला एकेक, असे चार बिंदू साध्या 'ओ' च्या बाहेरच्या कडेला पुरतात आणि आतल्या कडेला आणखी चार. सॉफ्टवेअरमधली 'जाडी वाढवा' किंवा 'कोपरे गोल करा' ही आज्ञा देऊन तयार झालेल्या अक्षरात मात्र तेवढ्याच कामाला वीस-पंचवीस बिंदू सापडतात, आणि प्रत्येक फालतू बिंदू ही गाठ पडण्याची एक नवी जागा असते. एखादा फॉन्ट हाताने घडवला आहे की यंत्राने फुगवला आहे हे पाहायचे असेल तर एक अक्षर शक्य तितके मोठे करून त्याच्या कडेवरून सावकाश नजर फिरवावी; धक्का लागला की समजावे.

गोलाईमुळे आणखी एक पेच पडतो. गोल अक्षर सपाट अक्षराएवढेच उंच काढले तर ते लहान दिसते, म्हणून सर्वच फॉन्टमध्ये गोल अक्षरे पायरेषेच्या, म्हणजे अक्षरे जिच्यावर टेकतात त्या काल्पनिक रेषेच्या, किंचित खाली आणि वरच्या रेषेच्या किंचित वर नेतात. १००० भागांच्या चौकटीत साधारण १० ते १५ भाग. मजकुराच्या फॉन्टमध्ये सपाट तळाची अक्षरे पायरेषा घट्ट धरून ठेवतात आणि गोल अक्षरे तिच्या आधाराने उभी राहतात. बबल फॉन्टमध्ये सपाट तळाचे अक्षर उरतच नाही. सगळीच गोल असल्याने ओळ तरंगू लागते. यावर दोन उपाय आहेत: एक तर प्रत्येक अक्षराचा तळ नकळत चपटा करायचा, नाही तर तरंगणे हीच शैली मानून अक्षरे मुद्दाम वर-खाली, डावीकडे-उजवीकडे झुकवायची. दुसरा मार्ग पत्करला की समान अक्षर दोनदा आल्यावर सोंग उघडे पडते, कारण दोन्ही 'ओ' अगदी एकाच कोनात झुकलेले दिसतात. त्यासाठी चांगल्या फॉन्टमध्ये एकाच अक्षराची दोन-तीन रूपे ठेवतात आणि शेजारी कोण आहे ते पाहून योग्य ते रूप आपोआप बसवण्याचा नियम फॉन्टच्या आतच लिहिलेला असतो.

देवनागरीची वेगळी कसोटी

रोमन अक्षरे सुटी असतात, त्यामुळे प्रत्येकाला स्वतंत्रपणे फुगवता येते. देवनागरीत शिरोरेषा सगळ्या शब्दाला बांधून ठेवते. तीही अक्षरांइतकीच जाड केली तर उंचीतला मोठा वाटा तीच खाते, आणि तिच्याखाली 'ष', 'क्ष', 'द्ध', 'ह्म' यांच्या पोकळ्यांसाठी काहीच शिल्लक राहत नाही. शिवाय वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार. खाली उकार आणि ऋकार. 'किंमत' या साध्या शब्दात वेलांटीची कमान आणि अनुस्वाराचा ठिपका एकाच जागेवर हक्क सांगतात. दोन्ही गुबगुबीत केले की ठिपका कमानीत बुडतो आणि वाचणाऱ्याला 'किमत' दिसते.

एक टाइप या भारतीय फॉन्ट-संस्थेचे दोन फॉन्ट या प्रश्नाला दिलेली दोन निराळी उत्तरे म्हणून पाहण्यासारखे आहेत. त्यांचा 'बालू' जाड आणि गोलसर आहे, पण पोकळ्या बऱ्यापैकी शाबूत ठेवतो. त्यामुळे तो मथळ्याबरोबरच छोट्या उपमथळ्यालाही चालतो, आणि अनेक भारतीय लिप्यांत तो उपलब्ध असल्याने बहुभाषी कामाला सोयीचा पडतो. 'मोदक' मात्र कुठलीच तडजोड करत नाही. त्यात अक्षरे इतकी भरलेली आहेत की पोकळ्यांच्या जागी बारीक फटीच उरतात आणि त्या फटींवरूनच अक्षर ओळखावे लागते. मोठ्या फलकावर तो बहारदार दिसतो; लहान आकारात त्याचा उपयोग नाही, आणि तो तसा व्हावा अशी त्याच्या कर्त्यांची अपेक्षाही नसावी.

मऊ आकार मनाला का भावतो

गोल आकार सौम्य वाटतो याला केवळ सवय कारणीभूत नाही, असे मानायला बरीच जागा आहे. वोल्फगांग कोलर या मानसशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये दाखवून दिले की लोक गोलसर आकृतीला मऊ उच्चाराचे निरर्थक नाव देतात आणि टोकदार आकृतीला कठोर उच्चाराचे. २००१ मध्ये व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी 'बूबा' आणि 'किकी' या दोन शब्दांनिशी हाच विषय पुन्हा चर्चेत आणला. मोशे बार आणि माइटल नेटा यांच्या २००६ मधील प्रयोगात लोकांनी टोकदार वस्तूंपेक्षा वळणदार वस्तू अधिक पसंत केल्या. खुद्द अक्षरांविषयीही काम झाले आहे: कार्लोस व्हेलास्को आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांनी गोल वळणाच्या अक्षरांचा संबंध गोड चवीशी आणि टोकदार अक्षरांचा कडू, खारट, आंबट चवींशी जोडला. गोळ्या-बिस्किटांच्या वेष्टनांवर गुबगुबीत अक्षरे का दिसतात, याचे उत्तर विक्रेत्यांना अनुभवाने आधीच ठाऊक होते. अभ्यासाने त्याला आधार दिला. यावरून गोल अक्षर वापरले की माल खपतोच, असा निष्कर्ष काढणे मात्र उतावीळपणाचे ठरेल.

याच कारणाने काही जागी हे अक्षर वर्ज्य ठरते. औषधाच्या मात्रेची सूचना, धोक्याचा इशारा, करारपत्र, शोकसंदेश येथे अक्षराचा स्वर मजकुराच्या विरोधात बोलू लागतो. ४ जुलै २०१२ रोजी सर्न या संशोधन संस्थेत हिग्ज बोसॉनसारखा कण सापडल्याची घोषणा झाली तेव्हा सादरीकरणातल्या काही पानांवर कॉमिक सॅन्स हा खेळकर फॉन्ट होता, आणि जगभर शोधाबरोबर फॉन्टचीही चर्चा रंगली. कॉमिक सॅन्स बबल फॉन्ट नव्हे, पण लोकांच्या प्रतिक्रियेचे मूळ तेच होते: मजकूर गंभीर, आवाज खट्याळ.

प्रत्यक्ष वापरताना

शब्द थोडे आणि आकार मोठा, हा पहिला नियम. दोन-चार शब्दांचे नाव, एखादा मथळा, एखादे बटण, एवढ्यात बबल फॉन्टने आपले काम आटोपावे आणि पुढचा मजकूर साध्या, शांत फॉन्टकडे सोपवावा. सोबत दुसरा नखरेल फॉन्ट ठेवला की दोघेही एकाच वेळी बोलू लागतात.

रंगांचा विचार नीट करावा लागतो, कारण या फॉन्टला फिकट, गोड रंग देण्याचा मोह कुणालाच आवरत नाही. वेबवरील सुलभतेच्या सर्वमान्य निकषांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उजेडाचा फरक किमान ४.५:१ असावा आणि मोठ्या अक्षरांचा किमान ३:१. शुद्ध पिवळ्यावर पांढरे अक्षर ठेवले तर हे गुणोत्तर जेमतेम १.०७:१ भरते, म्हणजे अक्षर जवळपास अदृश्य होते. गडद बाह्यरेषेचा शोध याच गरजेतून लागला असणार. आत कितीही फिकट रंग असो, कडेमुळे अक्षर तरते.

पण ही बाह्यरेषाच सर्वाधिक घोळ घालते. बहुतेक सॉफ्टवेअर बाह्यरेषा अक्षराच्या कडेच्या बरोबर मध्यभागी ओढतात, म्हणजे १२ पिक्सेलच्या रेषेतले ६ पिक्सेल बाहेर जातात आणि ६ आत. आतले ६ पिक्सेल अक्षराचा भराव खातात, तर बाहेरचे ६ पोकळीतही घुसतात आणि आधीच बारीक असलेली फट बुजते. यासाठी चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये रेषा मूळ अक्षराच्या मागे ठेवण्याची सोय वापरावी. वेबपानावर सीएसएस या पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतील 'पेंट-ऑर्डर' या गुणधर्माने आधी रेषा आणि मग भराव रंगवता येतो. तरीही पोकळीत शिरणारा बाहेरचा अर्धा भाग राहतोच, म्हणून पोकळ्यांचा आकार पाहूनच रेषेची जाडी ठरवावी. व्हेरिएबल फॉन्टच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. २०१६ मध्ये आलेल्या या तंत्रात एकाच फाइलमध्ये जाडीच्या, आणि काही फॉन्टमध्ये गोलाईच्याही, सर्व पायऱ्या सामावतात. परंतु त्यातील अक्षरे बऱ्याचदा एकमेकांवर चढलेल्या तुकड्यांची बनलेली असतात, आणि बाह्यरेषा लावताच हे लपलेले सांधे अक्षराच्या पोटात रेघोट्या होऊन दिसू लागतात. तुकडे एकत्र करून घेतले की त्या जातात.

अक्षरावरची चमक, म्हणजे वरच्या कोपऱ्यातला तो पांढरा ठिपका किंवा कोर, हा फुगीरपणाचा भास पक्का करणारा भाग आहे. प्रकाश एकाच बाजूने येतो हे धरून सर्व अक्षरांवर ती एकाच दिशेला असावी. एका अक्षरावर डावीकडे आणि पुढच्यावर उजवीकडे गेली की भास तिथेच मोडतो. पूर्वी ही चमक प्रत्येक अक्षरावर वेगळी काढावी लागे. आता रंगीत फॉन्टमध्ये भराव, कड आणि चमक यांचे थर फाइलमध्येच असतात. ही कल्पना तशी जुनी आहे: अमेरिकेत विल्यम पेज यांच्या कंपनीने १८७४ मध्ये लाकडी रंगीत अक्षरांचा नमुनासंग्रह काढला होता, ज्यात एकाच अक्षराचे वेगवेगळे ठोकळे वेगवेगळ्या रंगांत एकावर एक छापायचे असत.

कागद आणि पडद्याबाहेरच्या कामांत बबल अक्षरांना काही उपजत फायदे आहेत. लाकूड किंवा ॲक्रिलिक राउटरने, म्हणजे फिरत्या पात्याच्या यंत्राने, कापताना ६ मिलिमीटर व्यासाचे पाते आतला कोपरा ३ मिलिमीटर त्रिज्येपेक्षा टोकदार कापूच शकत नाही, त्यामुळे मुळात गोल असलेले अक्षर जसे रेखाटले तसेच कापले जाते. स्टिकरला टोके नसली की ती उचकटत नाहीत. भरतकामाच्या यंत्रावर मात्र उलटा अनुभव येतो: रेघ साधारण ७ ते १० मिलिमीटरपेक्षा रुंद झाली की एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारा लांब टाका सैल पडतो आणि अडकतो, म्हणून गुबगुबीत अक्षराला आडव्या टाक्याऐवजी छोट्या टाक्यांचा भराव द्यावा लागतो. स्टेन्सिल कापताना पोकळीचा तुकडा सुटून खाली पडतो. त्याला धरून ठेवणारे पूल असलेला फॉन्ट निवडावा किंवा ते पूल स्वतः काढावेत.

मराठी मजकुरासाठी फॉन्ट घेताना त्यात देवनागरी खरोखर आहे का, हे आधी पाहावे. फक्त रोमन अक्षरे असलेला फॉन्ट मराठी शब्दाला लावला तर सॉफ्टवेअर न सांगता देवनागरीसाठी दुसरा, साधा फॉन्ट बसवते आणि मथळा अर्धा गुबगुबीत, अर्धा सडपातळ दिसतो. देवनागरी असेल तर 'शुद्ध', 'कर्तृत्व', 'ट्रॅक्टर', 'हृदय', 'सर्वांत' असे शब्द टंकून, ज्या आकारात वापरायचे त्याच आकारात तपासावेत. नमुन्याच्या पानावर फॉन्ट नेहमी भल्यामोठ्या आकारात आणि सोयीच्या शब्दांत मांडलेला असतो.

शेवटी परवाना. बबल फॉन्ट फुकट मिळण्याच्या जागा मुबलक आहेत, पण त्यांतले बरेच फॉन्ट केवळ वैयक्तिक वापरासाठी मोफत असतात. विकाऊ वस्तूवर, जाहिरातीत किंवा बोधचिन्हात वापरण्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात, आणि वेबपानात बसवण्याचा परवाना कित्येकदा त्याहूनही निराळा असतो. 'बालू' आणि 'मोदक' ज्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली उपलब्ध आहेत, त्यात व्यावसायिक वापराला आणि बदल करण्याला मुभा आहे. तो फॉन्ट तेवढाच, सुटा विकता येत नाही, आणि त्यावरून केलेला नवा फॉन्टही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. परवान्याची मूळ फाइल फॉन्टच्या फोल्डरमध्येच जपून ठेवावी, कारण छापखाना किंवा ग्राहक ती मागतो तेव्हा फॉन्ट उतरवून घेतलेले पान बऱ्याचदा जागेवर नसते.